पूर्व चुकली

सकाळी अकराला तिला वायूचा फुगवटा सापडला. दुपारी चारला तो सगळ्यांसमोर मांडायचा होता आणि तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं राहणार होतं.

ती अवाढव्य दीर्घिकांभोवतीच्या तापलेल्या वायूचा अभ्यास करायची. हा वायू इतका विरळ, की एकट्या दीर्घिकेच्या चित्रात काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून शेकडो दीर्घिकांची क्ष-किरण चित्रं घ्यायची, प्रत्येकीची लांब बाजू आडवी येईल अशी फिरवायची आणि एकावर एक रचायची. त्या बेरजेत वायू वर-खाली, म्हणजे लांब बाजूच्या काटकोनात, फुगलेला दिसत होता. सहकारी तिला गॅसवाली म्हणत. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून गॅसवर काम करते."

शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला खुर्ची सरकवत आला.

"चित्रं फिरवलीस कुठल्या बाजूला?"

"यादीत लांब बाजूचा कोन दिलाय तशी. उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेला."

"आणि आकाशाच्या चित्रात पूर्व कुठे असते?"

"डावी..." तिने पूर्व उजवीकडे धरली होती, जमिनीच्या नकाशासारखी. आकाशाकडे आपण खालून बघतो, म्हणून तिथे ती डावीकडे येते.

"वा गं वा! पाच वर्षं आकाश बघतेस आणि पूर्व अजून शाळेच्या भिंतीवरच!"

"दात काढू नकोस. उलटं फिरवल्यावर प्रत्येक दीर्घिका भलत्याच दिशेला पडणार, फुगवटा पुसलाच जायला हवा होता. मग हा आला कुठून?"

दाढीवाल्याने दात आत घेतले. "कॅमेऱ्याचा दोष असेल."

मार्गदर्शक बाई दारातून डोकावल्या. "चेहरा का उतरलाय?"

"बाई, पूर्व चुकली."

"अरे देवा. सूर्याला कळवलंस का?" मग त्या आत आल्या. "सरळ फिरव, पुन्हा रच. राहिला तर दाखव. गेला तर गेला म्हणून दाखव."

"आणि प्रकरण?"

"नवं लिही. हात आहेत ना?"

तिने आज्ञावलीतलं एक चिन्ह बदललं. संगणक घरघरू लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का गं काम?" सासूबाई.

"नाही हो आई, अजून गॅसवर आहे."

"ते माहीत आहे गं, रोजच असतेस. काम झालं का, ते सांग."

दाढीवाल्याने तोंडावर फाईल धरली.

साडेतीनपर्यंत निम्म्या दीर्घिका रचून झाल्या. फुगवटा होता. पण आता तो आडवा होता, लांब बाजूनेच. म्हणजे राहिलाही होता आणि गेलाही.