नाताळचा गुरुवार

कॅलेंडर आधी पाहिलं ते सुनीतीबाईंनीच, आणि पाहिल्या पाहिल्या त्या म्हणाल्या, "वा! विहीणबाई अगदी वार बघून येतायत."

पंचवीस डिसेंबरच्या चौकटीत गुरुवार होता. त्यातून महिना मार्गशीर्ष, आणि मार्गशीर्षातलाही शेवटचा गुरुवार. पुण्याहून कल्पनाबाईंचं विमान दिल्लीत उतरणार होतं त्याच दिवशी सकाळी. आदल्या दिवशी बुधवारी नाही, दुसऱ्या दिवशी शुक्रवारी नाही.

"अगं, त्या दिवशीचं तिकीट मिळालं असेल," दीनानाथराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्हाला सगळं जग भोळं दिसतं."

सुनीतीबाई साळवे मूळच्या नगरच्या. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, बोलणं सरळसोट, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी हयात घालवली. निवृत्तीनंतर नवरा-बायको मुलाकडे, मानसकडे, गुडगावला नवव्या मजल्यावर राहायला आले. सून मयुरा पुण्याची, देशपांड्यांची. सासू-सुनेचं छान जमत होतं. बिनसलं होतं ते विहिणींचं, आणि तेही एका पेलाभर पाण्यावरून.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी लग्नाचं ठरत होतं तेव्हा मयुराचे आईवडील दिल्लीला आले होते. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या सदनात उतरले आणि तिथून साळव्यांच्या जुन्या घरी आले. सुनीतीबाईंनी ट्रेमध्ये पाणी ठेवलं. अशोकराव प्यायले, चहाही घेतला. कल्पनाबाईंनी मात्र हात पुढे केला नाही. "आज माझा गुरुवार आहे," म्हणाल्या. पाणी तरी घ्या म्हटलं तर, "निर्जळी करते मी." अर्धा तास पाण्याचा पेला त्यांच्यापुढे तसाच राहिला आणि त्या उठून गेल्या.

आता यात बोट ठेवायला जागा आहे का सांगा! वार खरंच गुरुवार होता. माणसाने उपास धरला तर त्याला नावं कशी ठेवायची? पण खरंच उपास होता, की ख्रिस्त्याच्या घरचं पाणी नको होतं? सुनीतीबाईंना सहा वर्षं हा प्रश्न छळत होता. लग्न पुण्यात रजिस्टर झालं, जेवणं हॉटेलात झाली. मयुराचं बाळंतपण माहेरी झालं. कल्पनाबाई नंतर दिल्लीला कधी आल्याच नाहीत, त्यामुळे उत्तर मिळायचा योगही आला नाही. अशोकरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून आता त्या एकट्या येत होत्या. नातीला, चार वर्षांच्या अवनीला, भेटायला. आणि येत होत्या गुरुवारी.

"या वेळी मी त्यांना पळवाटच ठेवणार नाही," सुनीतीबाईंनी जाहीर केलं आणि कपाटातून पाठटाचणाची एक कोरी वही काढली. शाळा सुटली तरी कुठलंही मोठं काम त्या पाठटाचण काढल्याशिवाय करत नसत.

वहीत दोन रकाने पडले. पहिला नाताळच्या जेवणाचा: येसर मसाला लावलेला मटणाचा रस्सा, पुलाव, आणि फराळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे. नगरला त्यांच्या आईकडे हेच असायचं. दिवाळीला शेजाऱ्यांकडून ताटं यायची, ती नाताळला करंज्यांनी भरून परत जायची. केकही हवा होता, तो मानस आणणार होता. अमेरिकेतल्या बँका गडगडल्यापासून त्याच्या ऑफिसातली पार्टी रद्द झाली होती, तेव्हा यंदा सगळा थाट घरीच करायचं ठरलं होतं.

दुसऱ्या रकान्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं 'उपास'. त्याखाली साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप, काकडीची कोशिंबीर, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा.

मयुराने वही पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, एवढं नका ना करू. साधा वरणभात करा, पुरे."

"आणि त्या म्हणाल्या, माझा गुरुवार आहे, मग? तुझी आई करते ना गुरुवार?"

मयुरा कोथिंबीर निवडत होती. निवडलेली जुडी तिने पुन्हा निवडायला घेतली. "मी सहा वर्षं तिथे राहत नाही आई. मला काय माहीत आता काय करते."

"करते की नाही एवढं साधं विचारलं मी."

"तुम्ही तिलाच विचारा ना," मयुरा म्हणाली, आणि अवनीने काहीतरी सांडलं म्हणून उठून गेली. अवनीने काहीही सांडलेलं नव्हतं. सुनीतीबाईंच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्यांचं डोकं तोवर भांड्यांपाशी पोचलं होतं. मटण शिजलेल्या पातेल्यात केलेली खिचडी त्या बाई खातील? छे! मग नवी भांडी हवीत.

दुसऱ्या दिवशी सुनीतीबाई सकाळच्या धुक्यात शाल गुंडाळून थेट पहाडगंजला गेल्या. ओळखीच्या दुकानातून कोरी कढई, दोन पातेली, ताट-वाट्या आणल्या. भगर म्हटलं तर वाण्याला कळेना. "भैया, सामक, सामक के चावल," म्हटल्यावर पुडा निघाला. घरी आल्या आणि भांडी ओट्यावर मांडताना त्यांच्या मनात आलं, भांडी नवी खरी, पण ओटा? शेगडी?

मग त्या समोरच्या गुप्ताभाभींकडे गेल्या. भाभींच्या घरात मांसमच्छीच काय, कांदाही येत नसे.

"भाभीजी, पच्चीस को सुबह आपकी रसोई चाहिए. व्रत का खाना बनाना है."

गुप्ताभाभी बघतच राहिल्या. "सुनीतीजी, आपका तो क्रिसमस है!"

"मेरा क्रिसमस है. मेरी समधन का गुरुवार है."

भाभी खो खो हसल्या, पण किल्ली दिली. वर सैंधव मीठही दिलं, कारण त्यांच्या मते साधं मीठ उपासाला चालतच नाही. आमच्याकडे चालतं, हे सुनीतीबाईंच्या ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि मीठ घेतलं. तेवढीही फट ठेवायची नव्हती.

शेवटचा प्रश्न पाण्याचा होता. तो त्यांनी चुटकीसरशी सोडवला. दुकानातून पाण्याच्या सीलबंद बाटल्या मागवल्या.

"अगं, पाहुणीला बाटलीतलं पाणी?" आता मात्र दीनानाथरावांनी पेपर खाली ठेवला.

"मी माझ्या हाताने पाणी देणार नाही. एकदा दिलं होतं. बाटली ठेवीन, प्यायचं तर पितील." आणि सुनीतीबाई चकलीचं पीठ जोरजोरात मळू लागल्या.

नाताळच्या दिवशी त्या चारलाच उठल्या. रस्सा आदल्या संध्याकाळी करून ठेवला होता. भाभींच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी खिचडी परतली, आमटीला जिऱ्याची फोडणी दिली. नवी कोरी साडी नेसून चर्चला जाऊन आल्या. सगळं अगदी घड्याळाच्या काट्यावर चाललं होतं. चाललं नव्हतं ते एकच, विमान. आठला उतरायचं ते धुक्यामुळे जयपूरला नेलं. मानस विमानतळावर ताटकळत होता आणि दर तासाला फोन करत होता. अखेर दोन वाजून गेल्यावर दारावरची बेल वाजली.

कल्पनाबाई आत आल्या. केस पांढरे झाले होते, चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. अवनीने त्यांचा हात धरून थेट फराळाच्या ताटापाशी नेलं. "पुणेवाली आजी, बघ, गुजिया!"

"करंजी गं," दोघी आज्या एकदमच म्हणाल्या.

सगळे जेवायला बसले. टेबलाच्या एका टोकाला रस्सा-पुलाव, दुसऱ्या टोकाला, चार हात अंतर राखून, कल्पनाबाईंचं ताट. शेजारी सीलबंद बाटली. दीनानाथरावांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि हात ताटाकडे वळले. कल्पनाबाईंचे हात मात्र मांडीवरच राहिले.

झालं! पण सुनीतीबाई माघार घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

"सुरुवात करा ना कल्पनाताई. सगळं उपासाचंच आहे. समोरच्या भाभींच्या ओट्यावर केलंय, त्यांच्याकडे कांदासुद्धा येत नाही. भांडी कोरी आहेत. मीठ सैंधव आहे. पाणी सीलबंद आहे. तुम्हाला अडचण पडेल असं काही मी ठेवलेलं नाही."

"अडचण आहे," कल्पनाबाई हळूच म्हणाल्या. "सुनीतीताई, मी गुरुवार करत नाही."

मयुराने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे सोडलात?"

"नाही. कधी केलाच नाही. त्या दिवशी मी थाप मारली होती."

मानसचा चमचा रश्शातच राहिला. कल्पनाबाईंनी मान वर केली आणि एका दमात सांगून टाकलं. "तुमचा जिना चढतानाच मी ठरवलं होतं, इथे काही घ्यायचं नाही. म्हणजे तुम्हाला आपोआप कळेल की आम्हाला हे पसंत नाही. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून गुरुवार पुढे केला. दोष द्यायचा तर आमच्या ह्यांना देता येईल, माझ्या सासूबाईंनाही देता येईल, पण पाणी नाकारलं ते मीच. आजही ही खिचडी मुकाट्याने खाल्ली असती तर निभावलं असतं. पण माझी थाप खरी धरून तुम्ही दुसऱ्याच्या घरात जाऊन स्वयंपाक केलात. मला घास कसा उतरेल?"

सुनीतीबाईंचा चेहरा लाल झाला. "सहा वर्षं!" त्यांचा आवाज पार समोरच्या भाभींपर्यंत गेला असणार. "सहा वर्षं मी स्वतःलाच बजावतेय, सुनीती, बाईचा उपास होता, मनात वाईट आणू नकोस. दर नाताळला करंज्या तळताना मला तो पेला आठवायचा. फार लागलं होतं मला ते, कल्पनाताई. फार."

"माहीत आहे. म्हणून तर आजचं तिकीट काढलं."

"आजचं का? गुरुवारचंच का?"

"ज्या वाराची थाप मारली त्याच वारी तुमच्याकडे जेवायचं होतं मला. आणि तुमच्या सणाला." कल्पनाबाईंनी समोरची बाटली उचलून बाजूला ठेवली. "ही नको. तुमचा तो पेला आहे का अजून? नाव घातलेला? सौ. सुनीती दी. साळवे, नाताळ १९७३. अर्धा तास मी तुमच्याकडे बघायचं टाळत तेवढंच वाचत बसले होते."

पेला होता. आईने लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला दिलेल्या सहा पेल्यांपैकी पाच रोज वापरात होते. तो एक सुनीतीबाईंनी त्या गुरुवारपासून फडताळात मागे सारून ठेवला होता. का ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या उठल्या, डबे बाजूला सारले, पेला काढून विसळला आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याने काठोकाठ भरला. आणताना थोडं पाणी नव्या साडीवर सांडलं.

कल्पनाबाईंनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा रिकामा केला. पुढे केला. सुनीतीबाईंनी पुन्हा भरला. तोही गेला.

"अहो, हळू! ठसका लागेल," सुनीतीबाई म्हणाल्या. "विमानात पाणीसुद्धा दिलं नाही का मेल्यांनी?"

"देत होते. मानसनेही गाडीत बाटली पुढे केली होती. मीच घेतलं नाही." कल्पनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "पहाटे चारला घर सोडलं तेव्हापासून तोंडात थेंब घेतलेला नाही. म्हटलं, त्या दिवशी खोटं बोलले ती निर्जळी एकदा खरी करू, आणि सोडू तुमच्याच पाण्याने. धुक्याचं काय माहीत होतं!"

सुनीतीबाईंना बोलायचं होतं, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज फुटेचना. त्यांनी विहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उभ्या उभ्याच रडल्या. दीनानाथरावांनी पुलावाकडे बघत चष्मा पुसला.

जरा वेळाने नाक पुसून सुनीतीबाई म्हणाल्या, "आणि ही एवढी खिचडी आता कोण खाणार?"

"मीच. खिचडीही खाणार आणि करंजीही खाणार. मटण मात्र नको हं, ते मला या जन्मी जमायचं नाही."

"कोण देतंय तुम्हाला! आम्हालाच कमी पडेल," असं म्हणत सुनीतीबाईंनी विहिणीचं ताट उचललं आणि टेबलाच्या आपल्या टोकाला, स्वतःच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं.