हाक न मारणारे घर

बेल

रेलीनने बेल दाबली, पण घरात काही वाजले नाही. तिने पुन्हा दाबली. मग अंगठा तसाच दाबून धरला आणि जाळीच्या दारातून आत डोकावली. आत स्वयंपाकघरात भर दुपारी एक पिवळा दिवा पेटला होता. जाड मोजे घातलेला एक उंच म्हातारा पाऊल न वाजवता आला आणि त्याने दार उघडले.

"बेल बिघडलीय तुमची," रेलीन म्हणाली.

"नाही," डेन्झिल पास्को म्हणाला. घसा खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "नाही बिघडली. दिवा लागतो. भावाला ऐकू येत नव्हतं."

"कुठंयत भाऊ?"

डेन्झिलने चर्चच्या दिशेने हात केला. चर्चच्या मागे काय आहे हे मूंटा गावात सगळ्यांना ठाऊक होते.

शर्यतीतून काढून टाकलेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घरे शोधून द्यायची, हे रेलीनचे काम. पगार नाही, पण आवाज मात्र फौजदाराचा. कुत्रा द्यायच्या आधी घर बघायचे आणि घराच्याही आधी माणूस बघायचा, अशी तिची रीत होती. तिने अंगणातले पत्र्याचे कुंपण लाथ मारून तपासले, फाटकाची कडी काढून-घालून पाहिली, मग कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्याकडे वळली.

"आजवर एकही कुत्रं पाळलं नाही?"

"आयव्हरला आवडत नव्हती. मागून येतात, कळत नाही, म्हणायचा."

"म्हणायचा?"

"हातानं."

"आणि आता का हवंय?"

डेन्झिलने या प्रश्नाचे उत्तर आठवडाभर तयार करून ठेवले होते. चोऱ्या होतात, राखण हवी, असे काहीतरी. ते ऐन वेळी तोंडातून निघालेच नाही.

"भावाची जाळ्यांची खोली रिकामी आहे," तो म्हणाला.

रेलीन पुढच्या वस्तूकडे वळली. ती म्हणजे

काच

"या पोरींना घर माहीतच नसतं. जन्मापासून शेड आणि धावायचं रिंगण. जिना बघितलेला नसतो. काच बघितलेली नसते. काच म्हणजे त्यांना मोकळी वाट वाटते. धावत येतात आणि मान मोडून घेतात. चिकटपट्टी लावा. आडवी. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला."

डेन्झिल लगेच गुडघ्यांवर बसला आणि कुत्र्याच्या उंचीवरून बाहेर बघू लागला. काचेपलीकडे कपडे वाळत घालायची तार होती, तिच्यावर एकच सदरा होता, आणि त्यामागे जुन्या तांब्याच्या खाणीचा लाल ढिगारा. काच खरेच दिसत नव्हती.

"आता सगळ्यात मोठी गोष्ट," रेलीन वरून म्हणाली. "झोपलेली असताना हात लावायचा नाही. उघड्या डोळ्यांनी झोपतात या. वाटतं जागी आहे, पण नसते. झोपेत कुणी शिवलं तर दचकून चावतात. आयुष्यात त्यांना कुणी कुरवाळून उठवलेलं नसतं ना. म्हणून आधी हाक मारायची. तिनं डोकं उचललं, तुमच्याकडे बघितलं, मग हात. कळलं?"

"कळलं."

"तुम्ही दिवसभरात बोलता किती?"

"कुणाशी?"

रेलीनने उसासा टाकला. "सुरुवात करा," ती म्हणाली. "कुत्री यायच्या आधी."

आवाज

"मी चहा करतोय," डेन्झिल म्हणाला.

किटलीने काही उत्तर दिले नाही. त्याला वाटले, घर अवघडून गेले आहे. भिंतींनी माना खाली घातल्या आहेत.

"पाणी उकळलं."

"साखर संपत आलीय."

"वारा उत्तरेचा आहे."

"डेन्झिल!" कुंपणापलीकडून नेव्ह ओरडला. नेव्ह म्हणजे शेजारी. दोघांनी वॉलरू बंदरातल्या धान्याच्या सायलोवर बार्लीची धूळ खात उभी हयात घालवली होती. "कोण आलंय रे तुझ्याकडे?"

"कुणी नाही."

"मग बोलतोयस कुणाशी?"

"किटलीशी."

"काय म्हणते?"

"तुझ्यापेक्षा कमी बोलते."

नेव्हचे डोके कुंपणावर आले. "कुत्री आणतोयस म्हणे. या वयात? लेका, तिला फिरवायच्या आधी तुलाच कुणीतरी फिरवायला लागेल."

"तू आहेस की."

"मला माझी बायको फिरवते," नेव्ह म्हणाला आणि खाली गेला. थोड्या वेळाने कुंपणापलीकडून त्याच्या बायकोचे हसणे ऐकू आले. डेन्झिल ते संपेपर्यंत अंगणात उभा राहिला.

खुर्ची

चार वर्षांच्या आयव्हरला ताप आला आणि कान घेऊन गेला. तेव्हापासून या घरात कुणी कुणाला हाक मारली नाही. आईनेही नाही. जवळ असला तर खांद्यावर हात ठेवायचा. लांब असला तर पाय आपटायचा, दोनदा. घराची जमीन लाकडी फळ्यांची. फळ्या थरथरायच्या, ती थरथर आयव्हरच्या खुर्चीच्या पायांतून त्याच्या पाठीत चढायची आणि तो वळायचा. तळहात उताणा करायचा. काय?

चहा. जेवण. पाऊस आलाय. पुष्कळदा डेन्झिलला सांगायचे काहीच नसायचे. तो नुसताच पाय आपटायचा, आयव्हर वळायचा, काय?, आणि डेन्झिल बोटे झटकायचा. काही नाही. आयव्हर डोळे फिरवून पुन्हा खेकड्यांची जाळी विणायला लागायचा. आईवडील गेले, दोघांची लग्ने झाली नाहीत, आणि हे असे चालले.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात डेन्झिलने चहा टाकला आणि पाय आपटला. आयव्हर खुर्चीत पाठमोरा बसला होता, मांडीवर जाळे होते. डेन्झिलने पुन्हा आपटला. मग जोरात आपटला, फडताळातले कप वाजले. मग तो तिथेच उभा राहून आपटत राहिला, कारण खुर्चीला वळसा घालून पुढे जाण्यापेक्षा ते सोपे होते.

तेव्हापासून तो घरात मोजे घालून चालतो.

मेव्हिस

"मेव्हिस?" डेन्झिल म्हणाला. "आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची ती मेव्हिस."

"नाव मी नाही ठेवलं," रेलीन म्हणाली. "पण मान बघा. शोभतंय."

राखाडी, अंगावर वाघासारखे फिके पट्टे, आणि पाय असे की तिने कुणाचेतरी उसने आणले असावेत. रेलीनने तिचे मुसके काढले, चामड्याचा पट्टा काढून दाराजवळच्या खिळ्याला टांगला आणि म्हणाली, "महिनाभर बघू. जमलं तर तुमची. काही झालं, चावणं-बिवणं, तर मला सांगायचं. लपवायचं नाही. लपवलेलं कुत्र्यालाच भोवतं."

मेव्हिस संध्याकाळपर्यंत खोलीच्या मधोमध उभीच राहिली. बसायचे असते हे तिला माहीत नव्हते. डेन्झिलही उभाच राहिला. एकट्याने बसणे बरे दिसले नसते.

पुढच्या दिवसांत ती काच शिकली, पायरी शिकली, आणि शेवटी जाळ्यांच्या खोलीतल्या गादीवर न झोपता बाहेर, आयव्हरच्या खुर्चीजवळच्या फळ्यांवर झोपायला शिकली. डेन्झिल तिला "मेव्हिस" म्हणायचा, पण त्याचा आवाज परक्याच्या घरी बसल्यासारखा यायचा. बहुतेक वेळा ती आधीच जागी असायची आणि हाकेची गरज पडायची नाही. त्याला बरे वाटायचे.

एका दुपारी तो बेकरीतून गरम पॅस्टी, म्हणजे मांस भरलेली मोठी करंजी, घेऊन आला. तिचा कुरकुरीत काठ त्याने मेव्हिससाठी मोडून घेतला. ती खुर्चीजवळ पडली होती. डोळे उघडे होते. तो मागून गेला, वाकला, आणि जन्मभर ज्या खुर्चीजवळ, ज्या उंचीवर त्याने एक खांदा शोधला होता, तिथे गेला तो

हात

हाताने काही विचारले नाही. हाताला कधी विचारावे लागलेच नव्हते.

दात अंगठ्याच्या मुळाशी लागले. किंकाळी मेव्हिसची होती. ती उडून भिंतीला धडकली, कोपऱ्यात शिरली आणि तिथेच थरथरत तिने फळ्या ओल्या केल्या. डेन्झिल हात छातीशी धरून उभा होता. चूक त्याची होती, आणि त्याला ते तिला सांगायचे होते. त्याची बोटे हलू लागली. रक्त टपकले. तिला ती खूण कळणार नव्हती.

खेकडा

"खेकड्यानं धरलं का?" नेव्हने फडक्याच्या पट्टीकडे बघून विचारले. मूंटाच्या धक्क्यावर पट्टी बांधलेला हात म्हणजे खेकडाच. दुसरे काही कुणी विचारतही नाही.

"हं," डेन्झिल म्हणाला.

"म्हातारा झालास. मागून धरायचा असतो तो."

"हं."

किती सोपे होते. एक शब्दही पुरा लागला नाही. गुरुवारी रेलीन येणार होती. तिलाही हाच खेकडा दाखवायचा, असे त्याने ठरवले. नाहीतर ती मेव्हिसला घेऊन जाईल. चावणारी कुत्री परत शेडमध्ये जाते, आणि एकदा चावली म्हटल्यावर तिला दुसरे घर कोण देणार. रात्री तो मेव्हिसपासून लांब, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. दोघेही एकमेकांकडे बघत होते. दोघांनाही झोपायची भीती वाटत होती.

जमीन

स्वयंपाकघरातला दिवा लागला. रेलीन.

ती आत आली, बसली, तिने चहा घेतला. मेव्हिस पलीकडे खुर्चीजवळ झोपली होती. रेलीनची नजर पट्टीवर गेली.

"खेकडा?" तिने विचारले. तीही इथलीच होती.

तोंडाशी 'हं' आला होता. डेन्झिलने मेव्हिसकडे बघितले. उघड्या डोळ्यांनी ती काहीच बघत नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "मी हाक मारली नाही."

रेलीनने कप खाली ठेवला. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी?"

"तिचा दोष नाही."

"दोष नसतोच हो त्यांचा. तरी भोगतात त्याच." ती उठली आणि तिने खिळ्यावरचा पट्टा काढला. रागाने नाही. थकून. "डेन्झिल, एक शब्द उच्चारायचा होता. एवढंही जमू नये?"

"या घरात हाक मारत नाहीत," डेन्झिल म्हणाला.

"मग मारा आता. माझ्यासमोर. बघू दे मला."

डेन्झिल उभा राहिला. "मेव्हिस," तो म्हणाला. आवाज निम्म्या खोलीत जाऊन बसला. मेव्हिसचा कानही हलला नाही.

"मोठ्यानं."

त्याने तोंड उघडले. काही आले नाही. रेलीन पट्टा हातात धरून वाट बघत होती. पट्ट्याची कडी बारीक वाजत होती. आता ती चार पावले जाईल, हाक मारेल, फौजदाराच्या आवाजात, आणि मेव्हिस उठेल आणि तिच्याबरोबर जाईल.

डेन्झिल वाकला आणि त्याने एक मोजा काढला. मग दुसरा.

"काय करताय?" रेलीनने विचारले.

मोजे त्याने बाजूला टाकले. समोर तीच खुर्ची, तिची पाठ. तो तिथेच उभा होता, जिथून मागच्या वेळी आपटत राहिला होता. कुणी वळले नाही तर? एवढेच त्याच्या मनात होते. पुन्हा कुणी वळले नाही तर?

त्याने पाय आपटला. दोनदा.

फळ्या थरथरल्या. फडताळात कप वाजले. आणि खुर्चीच्या पायाशी एक लांब राखाडी डोके सावकाश वर आले. दचकले नाही. जणू जमिनीनेच तिला कुशीवरून कुशीवर वळवले होते. मेव्हिसने आधी त्याच्या उघड्या पायांकडे बघितले, मग वर, तोंडाकडे.

डेन्झिल थांबला. तळहात उताणा होण्याची वाट बघत थांबला. काय?

मेव्हिस नुसती बघत होती. तिला हात नव्हते. ती विचारणार नव्हती. बोटे झटकून चालणार नव्हते.

"काही नाही," डेन्झिल मोठ्याने म्हणाला. आवाज भिंतीपर्यंत गेला. "काही नाही गं. मी आहे."

मागे पट्ट्याची कडी खिळ्याला लागल्याचा आवाज झाला.

"महिना अजून संपलेला नाही," रेलीन म्हणाली. "आणि हात डॉक्टरला दाखवा. खेकडा सांगू नका तिथं." जाताना तिने जाळीचे दार हलकेच लावले.

गाडीचा आवाज खाणीच्या रस्त्याने लांब गेला. वारा पडला होता. मेव्हिसने डोके पुन्हा पंजांवर टेकवले. तिचे डोळे उघडेच राहिले, पण त्यांतले बघणे हळूहळू निघून गेले.

आता डेन्झिलला पुष्कळ काही सांगायचे होते. खुर्चीविषयी, जाळ्यांविषयी, त्या दिवशीच्या चहाविषयी. पण ती झोपली होती. परत उठवावे की नाही, याचा विचार करत तो अनवाणी पायांनी त्या फळ्यांवर उभा राहिला.