माझ्याखालचं काळं पाणी

मित्रांनो, समुद्रकाठच्या महामार्गावर खाडी ओलांडणारा पूल मी. नवा म्हणावं तर कठडे गंजलेत, जुना म्हणावं तर लोक अजून माझ्यावर उभे राहून फोटो काढतात. कुणी फोटो काढू लागलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला आखणारी इंजिनीअरबाई जिवाला लावून घेणारी. भरतीचं पाणी अडू नये म्हणून तिनं माझे खांब लांब लांब ठेवले. खारफुटी वाचवायला रस्त्याला वळण दिलं. रस्त्यावरचं तेलकट पाणीसुद्धा खाडीत न पडता, नळीवाटे काठावरच्या टाकीत जाऊन गाळलं जाई.

तरी खाडीत शिंपल्या वेचणाऱ्या सासू-सुनेला धास्ती वाटे. तेव्हा बाई चिखलात उतरून म्हणाली, "मावशी, याच्यामुळे खाडीला काही झालं, तर मला जाब विचारा."

मला बक्षिसं मिळाली. मी फुशारलो. पण टाकीतला गाळ उपसायला हळूहळू कुणी येईनासं झालं.

एका सकाळी माझ्यावर तेलाचा टँकर कलंडला. तेल टाकीकडे धावलं, पण तिथं जागा होतीच कुठे? ते तुंबलं आणि थेट खाडीत उतरलं.

ओहोटीला सून सासूबरोबर आली. तिनं ओंजळभर शिंपल्या उचलल्या, हुंगल्या आणि परत चिखलावर ठेवल्या. "आई, घरी चला."

सासू मात्र मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. "याच्यापेक्षा साधा पूल परवडला असता गं. निदान आपण सावध तरी राहिलो असतो."

मला पाय आहेत, मित्रांनो, पण पळून जाता येत नाही.

बातमी कळताच इंजिनीअरबाई आली. केस पिकलेले, नोकरी संपलेली. सासू काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "चुकलं, मावशी. पूल बांधला आणि पाठ फिरवली." मग कचेरीत जी ठाण मांडून बसली, ती गाळ उपसणारी गाडी घेऊनच परतली.

टाकी आता रिकामी आहे. शिंपल्या मात्र अजून पूर्वीसारख्या मिळत नाहीत. सून दुसरीकडे कामाला जाते, तीही माझ्यावरूनच. खाली बघत नाही.

मित्रांनो, चांगलं काही बांधून झालं, की नुसत्या टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. माझ्यावरून समुद्र खुशाल बघा. पण कधी मोठ्यांचा हात धरून काठावर उतरा, टाकीकडे नजर टाका. भरलेली दिसली तर कुणाच्या तरी कानीकपाळी ओरडा. मला ओरडता येत नाही.