माझ्या काचेवरची दोन पाने

मित्रांनो, कोपऱ्यात काच तडकलेला मी एक जुना मोबाईल. तेर गावातल्या एका घरात, खिडकीच्या फळीवर सध्या माझा मुक्काम आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. आठवते ते कळंबचे दुकान. कुलदीपने तिथून मला बायकोसाठी, मोनिकासाठी घेतले. तिने पदराने माझी काच पुसली आणि मी कामाला लागलो. माहेरचे फोन, सोयाबीनचे भाव, लेकीची बडबडगीते, सगळे माझ्यावरच. लेक म्हणजे तीन वर्षांची राजनंदिनी. तिनेच मला एकदा ओट्यावरून खाली टाकले. काच तडकली, पण मी बंद पडलो नाही, म्हणून घरात माझे कौतुकच झाले.

एका दुपारी कुलदीप कामासाठी कळंबला गेला होता. फवारणी पंपाचे पेट्रोल त्याने थंड पेयाच्या बाटलीत भरून पडवीत ठेवले होते. राजनंदिनीला ते सरबत वाटले. तिने बाटली तोंडाला लावली, जोराचा ठसका लागला, थोडे पेट्रोल झग्यावर सांडले आणि ती किंचाळून रडू लागली.

तिची आजी, म्हणजे मोनिकाच्या सासूबाई सत्यभामाबाई, धावत आल्या. "आगं मोनिका, मिठाचं पाणी आण लवकर! उलटी काढू, समदं भाईर पडंल."

मोनिकाने तांब्यात मीठ कालवलेही. पण पोरीला पाजायला तिचा हात धजेना. तिने मला उचलले. घाईत तिची अक्षरे चुकत होती.

पहिले पान उघडले ते आरोग्याच्या एका संकेतस्थळाचे. ते कधी लिहिले, कुणी लिहिले, कुठेच नोंद नव्हती. तिने मोठ्याने वाचले, "विषबाधित व्यक्तीस तत्काळ वमन करवावे."

"वमन म्हंजी?" आजींनी विचारले.

"उलटी."

"मग? म्या काय सांगत होते?"

मोनिकाने तरी दुसरे पान उघडले. तेही आरोग्याचेच, पण त्यात साधे, ठळक शब्द होते. 'मुलाने पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल प्यायले असेल तर उलटी करवू नका. उलटी होताना ते फुफ्फुसात जाऊ शकते. लगेच १०८ ला फोन करा.' मजकूर कोणत्या डॉक्टरांनी तपासला आणि कधी, तेही खाली दिले होते.

एकाच प्रश्नाला दोन उलटसुलट उत्तरे! मोनिकाने वेळ दवडला नाही. तिने माझ्यावरून १०८ लावला.

"ताई, उलटी काढू नका," पलीकडून आवाज आला. "पाणी, दूध, काहीच पाजू नका. भिजलेले कपडे काढा. गाडी निघतेय, बाटली सोबत घ्या."

"ऐकलं का, आत्याबाई?"

"ऐकलं बाई, ऐकलं." आजींनी मिठाचे पाणी मोरीत ओतले आणि नातीचा झगा उतरवला.

धाराशिवच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला आणि पोरीला नजरेखाली ठेवले. कुलदीप तिथेच येऊन पोचला. काही तासांनी पुन्हा तपासून डॉक्टर म्हणाल्या, "छाती साफ आहे. उलटी काढली नाहीत, ते फार बरं केलंत."

तेवढ्यात राजनंदिनी म्हणाली, "आजी, भाकर दी." सत्यभामाबाई हसता हसता रडायला लागल्या. मला कधी हातही न लावणाऱ्या त्या माऊलीने माझ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली. इतके हलके मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

कुलदीपने पेट्रोलसाठी कॅन आणला आणि तो कुलपात ठेवला. मोनिकाने त्या पहिल्या पानाबद्दल माझ्यावरूनच तक्रार लिहून पाठवली. काही आठवड्यांनी पाहिले, तर ते पान काढून टाकले होते!

पुढे घरात नवा मोबाईल आला आणि मी फळीवर गेलो. आता मला क्वचितच कुणी उचलते. पण मला त्याची खंत नाही. अंगणातून राजनंदिनीचा दंगा ऐकू येतो.

मित्रांनो, संकटात काही वाचाल तर ते कुणी लिहिले, कधी तपासले ते पाहा, पण सगळ्यात आधी १०८ ला फोन करा. आणि अशी पाने लिहिणाऱ्यांनो, साधे लिहा, खरे लिहा, जुने झाले की बदला. तुमचे अक्षर वाचणाऱ्या आईच्या कडेवर एक लेकरू रडत असते.