ठेच

"थांबलास का रे?" ताईनं उजवा पाय अधांतरी ठेवूनच विचारलं.

"तार उतरलीय," तो म्हणाला आणि गिटारची खुंटी पिळत बसला. तार ठणठणीत होती. चिजेच्या तिसऱ्या भागानंतर काय येतं तेच त्याला आठवत नव्हतं, आणि कार्यक्रम आज संध्याकाळी होता.

आयुष्यभर त्यानं लोकांच्या कवळ्या बनवल्या. म्हणून सत्तरी उलटली तरी थोरली बहीण त्याला 'कवळ्या' म्हणे. दिवसा दात आणि संध्याकाळी फ्लामेंकोची, म्हणजे टाचा आपटत करायच्या स्पॅनिश नाचाची गिटार, हा त्याचा जुना क्रम. दोघांना शिकवणाऱ्या मास्तरांना कागदाचं वावडं होतं. "बोटांना सांगून ठेवा, डोक्याला कशाला त्रास?" म्हणायचे. सगळ्या चिजा त्यांनी अशाच बोटांत भरून दिल्या आणि स्वतः निघून गेले. आता बोटंच मुकी झाली तर विचारायचं कुणाला?

एकटा वाजवणार असता तर इकडचे तिकडचे चार सूर लावून त्यानं वेळ मारून नेली असती. पण ही चीज नाचाची होती. नाचणार होती ताई, आणि तेही शेवटचं, कारण गुडघ्यानं तिला तशी तंबीच दिली होती. भर सभागृहात हा गप्प झाला की लोक म्हणणार, म्हातारी चुकली.

"ताई, ऐक ना..."

"संध्याकाळी ऐकते. आता गुडघा शेकू दे."

सांगायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी खुर्च्या भरल्या. पहिला भाग सुरळीत गेला, दुसराही. त्याची नजर नेहमीसारखी तिच्या बुटांवर होती. तिसरा संपत आला. पुढं काय? अरे, पुढं काय? शेवटचा ठोका दिला आणि बोटं तारांवरच थिजली.

कुणीतरी खोकलं.

ताईनं सावकाश दोन्ही हात वर नेले, मान वळवली. ही शांतता जणू बसवलेलीच होती. मग तिनं टाच दाणकन जमिनीवर आपटली.

ठेच!

तरुणपणी पहिल्याच कार्यक्रमात त्यानं बारा मात्रांच्या आवर्तनात चुकून तेरावी घुसडली होती. ताईनं तिच्यावर टाच आपटून ती झाकली. लोक इतके खूश झाले की मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि चूक तशीच ठेवून दिली. तिला 'ठेच' हे नाव या दोघा भावंडांनी दिलं. ती यायची चौथ्या भागानंतर, शेवटच्या भागाच्या तोंडाशी. ताईनं अख्खा चौथा भागच गिळला होता.

आवाज कानावर पडताच बोटं सुटली. शेवटचा भाग दोघांनी दणक्यात केला. टाळ्या थांबेनात.

आतल्या खोलीत ती खुर्चीत कोसळली. गुडघा टम्म सुजला होता. तो खाली बसून तिच्या बुटांचे बंद सोडू लागला.

"तुला कधी कळलं?"

"दुपारीच. तार उतरली की तू तिला शिव्या घालतोस. आज एकही घातली नाहीस, कवळ्या."

त्याला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. "चौथा भाग गेला गं. तो आपल्या दोघांशिवाय कुणाकडेच नव्हता."

"माझ्या पायांत आहे ना. ऐक."

अनवाणी पायांनी, बसल्या जागेवरून, ती फरशीवर तो भाग वाजवू लागली. दुखरा पाय हळू, दुसरा जरा जोरात. एकही मात्रा चुकली नाही. सगळे ठोके आपापल्या जागी होते, फक्त त्यांच्यावर सूर नव्हते. त्यानं डोळे मिटले, कान दिले, वाट पाहिली. बोटं हलली नाहीत.

तिनं मध्येच थांबून त्याच्याकडे पाहिलं.

"तू कर पुरा," तो म्हणाला, आणि भाग संपेपर्यंत तिचे बूट मांडीवर धरून बसून राहिला.