बाहेरचा जिना

“पलंग इथं नका ठेवू. सकाळचं ऊन थेट डोळ्यावर येते,” पद्मिनीबाई म्हणाल्या आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा त्यांनी बोटानं भिंतीकडे सरकवला.

“तिथं दार उघडते. दार पलंगाला धडकेल,” दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी तुकडा परत मागे आणला.

जेवणाच्या टेबलावर नागपूरहून पोस्टानं आलेला घराचा नकाशा पसरला होता. कागद उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या होत्या. दिगंबरराव देवपुजारी चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या कचेरीत नकाशे काढत आले होते, त्यातली सत्तावीस चंडीगडला. आणखी सहा आठवड्यांनी, मार्चअखेर, ते निवृत्त होणार होते. सरकारी घर सोडायचं होतं. नवं घर नुसतं बोलून निवडता येत नाही, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी घरातलं सगळं सामान मोजलं आणि पन्नासास एक या प्रमाणात पुठ्ठ्यातून कापून काढलं. हिशेब सोपा आहे: खरी पन्नास इंच लांबी कागदावर एक इंच होते. सहा फुटांचा पलंग त्यामुळे काडेपेटीहून लहान झाला होता. कपाट, शिलाई मशीन, देव्हारा, सगळा संसार एका ताटलीत मावला होता.

घर होतं ‘विसावा’ वसाहतीतलं. पंचावन्न वर्षांवरच्या माणसांसाठी नागपूरबाहेर चौसष्ट बैठी घरं. सकाळी सहाला फिरायला जाण्याची घंटा, बॅडमिंटनचं मैदान, गाण्याचा वर्ग, वाचनालय, दोन वेळच्या जेवणाची खानावळ. नातवंडांनी वर्षातून पंधरा दिवसच राहावं, असा नियम होता. माहितीपत्रक पद्मिनीबाईंचं पाठ झालं होतं.

“सत्तावीस वर्षं मी भाजीवाल्याशी हिंदीत बोलली,” त्या म्हणाल्या. “आता भांडण तरी मराठीत करू द्या.”

“माझ्याशी मराठीतच करते ना?”

“तुमच्याशी भांडून काय मजा? तुम्ही पट्टी घेऊन मोजत बसता.” त्यांनी ताटलीत बोट फिरवलं. “हे काय? व्हरांड्यासाठी तीन खुर्च्या काहून कापल्या? आपण तर दोघंच.”

दिगंबररावांनी पाहिलं. खरंच तीन होत्या. व्हरांड्यात वेताच्या तीन खुर्च्या होत्या, म्हणून तीन मोजल्या, तीन कापल्या. तिसरीवर रोज संध्याकाळी शेजारचे गुरदयालसिंग बसत.

“चुकून,” ते म्हणाले.

“त्यांना सांगितलं का?”

“सांगीन.”

“उद्या सोमवार. फॉर्म उद्या टाकायचा आहे. पंधरा दिवसांपासून सांगीनच करून राहिले तुम्ही.”

अकरा वर्षांपूर्वी गुरदयालसिंगांना मोहालीत प्लॉट मिळाला, तेव्हा त्यावरच्या घराचा नकाशा दिगंबररावांनीच काढला होता. खाली गुरदयालसिंग, वर देवपुजारी. वरच्यांना येण्याजाण्याला कुणाची परवानगी लागू नये म्हणून जिना बाहेरून. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला हवी, हा हट्ट पद्मिनीबाईंचा. कागदावर करार नव्हता. संध्याकाळच्या चहावर ठरलं होतं, आणि चहावर ठरलेलं आजवर कधी मोडलं नव्हतं. प्लॉटवर पाया भरून झाला होता. भिंती दिगंबररावांच्या निवृत्तीनंतर, असं ठरलं होतं.

पण मधली वर्षं पंजाबात वाईट निघाली. कर्फ्यू लागे तेव्हा गुरदयालसिंग भिंतीवरून दुधाचं पातेलं देत, आणि दिगंबरराव त्यांना रेडिओवरच्या बातम्या सांगत, कारण सरदारजींचा रेडिओ कायमचा बिघडलेला. इथवर ठीक होतं. मागच्या वर्षी मात्र बाजारात गोळ्या चालल्या आणि पद्मिनीबाई तासभर बसच्या तळाशी पालथ्या पडून राहिल्या. घरी आल्या, हातपाय धुतले, कुकर लावला. दुसऱ्या दिवसापासून दाराशी एक भरलेली पिशवी दिसू लागली: औषधं, कागदपत्रं, दोन साड्या. ती पिशवी रोज ओलांडून दिगंबरराव कचेरीत जात. शेवटी एके दिवशी त्यांनीच ‘विसावा’ला पत्र लिहिलं.

“ओ पुजारी जी!”

फाटक वाजलं. अख्खं सेक्टर त्यांना पुजारी जी म्हणे. पूजा मात्र ते गणेशचतुर्थीलाच करत. गुरदयालसिंग आत आले. कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेला उंच, जड माणूस. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा कॅनडात. काखेत जुन्या नकाशाची गुंडाळी होती.

“ठेकेदार पक्का हो गया! बैसाखी को काम शुरू. भाभीजी, अपनी खिडकी देख लो, बाद में मत कहना.” मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. “ये क्या? गुड्डे-गुड्डी का घर?”

“चाय रखती हूँ,” म्हणून पद्मिनीबाई आत गेल्या.

दिगंबररावांनी चष्मा काढून पुसला. वाक्य त्यांनी पंधरा दिवस जुळवलं होतं, पण ते तोंडाशी येईना. गुरदयालसिंग टेबलावर वाकले. नकाशा हाती आला की आधी उजवा खालचा कोपरा वाचायचा, कुठला आणि कुणाचा ते तिथं लिहिलेलं असतं, हे दिगंबररावांनीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी तिथली वाटी उचलली. खाली लिहिलं होतं: विसावा, नागपूर. घर क्रमांक एकोणचाळीस. श्री. व सौ. देवपुजारी.

त्यांनी वाटी जागेवर ठेवली, अगदी सरळ.

“कब?”

“जून में.”

“हूं.” ताटलीतून त्यांनी तिसरी खुर्ची उचलली. “और ये? ये बच गई.”

पद्मिनीबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. “आपकी है, भाईसाब. इन्होंने काट दी. वहाँ जगह नहीं बैठती.”

“मेरा वजन देखा है? टूट जाएगी.” ते हसले. खरोखरीच्या खुर्चीत बसले, चहा बशीत ओतला. “अच्छा किया जी. सही किया.”

“आप भी चलो ना,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “पचपन के ऊपर सबको लेते हैं. बॅडमिंटन है.”

“मैं और बॅडमिंटन! चिड़ी को देखूँगा कि पगड़ी को सँभालूँगा?” चहाचा घोट घेऊन ते थांबले. “और भाभीजी, आपके नागपुरवाले रोज पूछेंगे, सरदारजी, पंजाब में ये क्या चल रहा है. मैं क्या बताऊँगा? मुझे पता होता तो आपको ही न बता देता.”

बाहेर कुणाच्या तरी घरी गहू निवडत असावेत, सुपाचा आवाज येत होता.

गुरदयालसिंगांनी काखेतली गुंडाळी टेबलावर सोडली. “तो पुजारी जी, एक काम कर दो. ऊपर की मंजिल काट दो. और ये भी,” त्यांनी बाहेरच्या जिन्यावर बोट ठेवलं. “एक आदमी को चढ़ के जाना कहाँ है?”

“आज?”

“ठेकेदार कल आएगा.”

वरच्या मजल्याचा नकाशा कागदाच्या डाव्या अर्ध्यात होता. तो कात्रीनं एका दमात वेगळा झाला. जिना मात्र खालच्या घराला चिकटून काढलेला. तो खरवडायलाच हवा होता. दिगंबररावांनी दाढीचं नवं ब्लेड काढलं आणि खिडकीपाशी बसले. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई खोडरबरानं जात नाही. ब्लेड आडवं धरून, श्वास रोखून, रेघेवरची शाई तेवढी काढायची असते. हात जड पडला की कागद फाटतो. सोळा पायऱ्या होत्या. वरून खाली एकेक करत ते येत राहिले. शाईची काळी पूड ते मधूनमधून फुंकत होते. पद्मिनीबाईंनी कापलेला अर्धा भाग उचलला, घडी न घालता नीट गुंडाळला आणि दाराशी ठेवलेल्या पिशवीत उभा खोवला.

तासाभरानं दिगंबररावांनी कागद पुढे केला.

“एक रह गई,” गुरदयालसिंग म्हणाले. भिंतीबाहेर, जमिनीलगत एक पायरी तशीच होती.

“रहने दो.”

“जाती कहाँ है ये?”

“कहीं नहीं. शाम को बैठने के लिए.”

गुरदयालसिंगांनी खिशातून स्वतःची छोटी पट्टी काढली आणि पायरीवर ठेवून पाहिली. “साढ़े तीन फुट,” ते म्हणाले. “दो जने आराम से.”

“आराम से.”

कागद गुंडाळून ते उठले आणि घरी न वळता रोजच्यासारखे फेरफटक्याला निघाले. फाटकाबाहेर वळणावर वाळूच्या पोत्यांचा नाका होता. रोज त्याच रस्त्यानं जाणारा माणूस, पण आज काखेत लांबट गुंडाळी होती. जवानानं त्यांना थांबवलं. दिगंबरराव व्हरांड्यातून पाहत होते. हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण नाक्याकडे ओरडणं त्या दिवसांत बरं नसे.

गुरदयालसिंगांनी गुंडाळी दिली आणि हात अंगापासून दूर धरून ते उभे राहिले. जवानानं कागद उलगडला आणि मावळतीच्या उन्हापुढे धरला. ऊन पाठीमागून आलं आणि दिगंबररावांना इतक्या लांबून दिसलं: जिना जिथं होता तिथं कागद झिजून पातळ झाला होता आणि बाकीच्या कागदापेक्षा अधिक उजळ दिसत होता.

जवानानं तो उलटा धरला होता. गुरदयालसिंगांनी एक हात खाली आणला, तो सुलटा करून दिला, आणि हात परत होता तिथं नेला.