साहेबांचा आवाज

हुपरीचा महांतेश टीव्हीवर माजी आमदार विश्वजितरावांची नक्कल करून लोकांना पोट धरून हसवायचा. एके दुपारी साहेबांच्या पत्नीनं, संयोगिताबाईंनी, त्याला राजारामपुरीतल्या घरी बोलावलं. आता शिव्या खायच्या, असं धरूनच तो गेला.

साहेब खिडकीपाशी, पडद्यातून झिरपणाऱ्या पिवळ्या उन्हात बसले होते. अर्धांगानं त्यांची वाचा गेली होती.

"भाषण नको," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या आवाजात नुसतं 'संयू' म्हण की."

महांतेशनं डोळे मिटले. "संयू, चहा टाक की गं," तो हळूच म्हणाला.

"व्हय, आलेच!" म्हणत बाई झोपेत चालल्यासारख्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.

साहेबांचे ओठ मुकाट हलले. मग चांगल्या हाताचं बोट वर करून त्यांनी खुणावलं, आणखी एकदा.